चिठ्ठ्या लपवल्या, पण शोधायचं काय होतं?

पत्र थोडक्यात असं: कळव्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिका लिहितात. वर्गात 54 मुलं, सकाळचं सत्र, 35 मिनिटांचा तास. निरीक्षण, प्रश्न, परिकल्पना, प्रयोग, चल, नियंत्रण, नोंद, अनुमान, निष्कर्ष, सिद्धांत हे शब्द मुलांना रुक्ष वाटतात, म्हणून त्यांनी वर्गात शोधखेळ घेतला. दहा शब्द आणि दहा व्याख्या वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून बाकांखाली, खिडकीच्या गजांत, खडूच्या डब्यात लपवल्या. ज्या गटाच्या जोड्या आधी जुळतील त्याला चॉकलेट. पाच मिनिटांत वर्गाचा बाजार झाला, दोन चिठ्ठ्या फाटल्या, निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या तीन चपळ मुलांच्या हाती लागल्या. शेजारच्या वर्गातून तक्रार आली आणि मुख्याध्यापिकांनी ‘खेळ मैदानावर घ्या’ असं सुनावलं. पुढे घटक चाचणीत व्याख्या बहुतेकांनी बिनचूक लिहिल्या, पण एक छोटा प्रयोग देऊन ‘यातला निष्कर्ष कोणता?’ असं विचारल्यावर बहुतेकांनी निरीक्षणच उतरवून ठेवलं. त्यांचे प्रश्न असे: खेळ सोडून पुन्हा व्याख्या लिहून द्यायला लागू का? निम्म्या घरांत हिंदी किंवा आगरी बोलतात, तर मुलांची भाषाच कच्ची आहे असं समजू का? आणि खेळ पुन्हा घ्यायचाच झाला तर मुख्याध्यापिकांना काय सांगू?

ताई,

गोंगाट, फाटलेल्या चिठ्ठ्या आणि शेजारची तक्रार यांवर तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि घटक चाचणीवर चार ओळी. मी मात्र त्या चार ओळींपाशीच थांबलो. व्याख्या बरोबर आणि निष्कर्ष चूक, हा निकाल गोंगाटामुळे लागलेला नाही. वर्ग अगदी चिडीचूप असता तरी तो असाच लागला असता.

कारण खेळात शोधायला कागद होते आणि मुलांनी कागद शोधले. शब्दाची चिठ्ठी व्याख्येच्या चिठ्ठीशी जुळवायला व्याख्येतला एक ओळखीचा शब्द पुरतो. ‘ज्ञानेंद्रियांनी’ दिसलं की निरीक्षण, ‘तात्पुरतं उत्तर’ दिसलं की परिकल्पना. एवढ्यावर जोडी जुळते, चॉकलेट मिळतं, चाचणीतली व्याख्याही लिहून होते. समोर आलेलं एखादं वाक्य निरीक्षण आहे की निष्कर्ष, हे ठरवण्याची वेळ खेळात एकदाही आली नाही. व्याख्या फळ्यावर लिहून दिल्या तरी ती येणार नाही. म्हणून ‘खेळ की लेखन’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, दोन्हींत उणीव तीच आहे.

माझं सुचवणं एवढंच आहे: शब्द लपवू नका. शब्द फळ्यावर ठळक लिहून ठेवा आणि वर्गात त्या शब्दांचे नमुने मांडा. एखादं वाक्य, एखादा तक्ता, टांगलेली एखादी वस्तू. मुलांनी नमुना बघायचा, फळ्यावरचा कोणता शब्द त्याला लागू पडतो ते ठरवायचं आणि का ते एका ओळीत लिहायचं. इथे लपलेला असतो तो अर्थ. त्यामुळे बाकांखाली हात घालावे लागत नाहीत आणि निम्मा गोंगाट आपोआप जातो.

भाषा कच्ची असल्याच्या निदानाबद्दल मला शंका आहे. खाडीकाठच्या घरातलं मूल ‘पुनवेला उधाण असतं, रविवारी पाणी वर येईल’ असं म्हणतं तेव्हा त्याने आधीच्या निरीक्षणांवरून भाकीत केलेलं असतं. विचार तिथे आहे, त्याला पुस्तकातलं नाव लावायचं राहिलंय. म्हणून कारणाची ओळ हिंदीत, आगरीत, कशातही लिहू द्या आणि शुद्धलेखनाचे गुण कापू नका. शब्द मात्र फळ्यावर असेल तोच. भाषेचा अडसर खरोखर येतो तो नमुन्याचं कार्ड वाचताना. कार्डावर दोनपेक्षा जास्त वाक्यं नकोत आणि एका वाक्यात दहा-बारा शब्द पुरेत.

आता शब्दांची संख्या. एका खेळात दहा फार होतात. सिद्धांत काढून टाका. वर्गातल्या कुठल्याही तासाभराच्या प्रयोगातून सिद्धांत निघत नाही, आणि यादीत तो शब्द असला की मुलं निष्कर्षाच्या जागी तोच लिहितात, भारदस्त वाटतो म्हणून. पहिल्या खेळाला सहा ठेवा: निरीक्षण, अनुमान, परिकल्पना, बदललेला घटक, मोजलेला घटक, निष्कर्ष. ‘चल’, म्हणजे प्रयोगात बदलणारा घटक, मुद्दामच दोन भागांत फोडला आहे. ‘स्वतंत्र’ आणि ‘अवलंबी’ ही विशेषणं मुलं पाठ करतात आणि उलटसुलट लावतात. आपण काय बदललं आणि काय मोजलं हे पक्कं झालं की ती नावं पाच मिनिटांत चिकटतात. परिकल्पनेला ‘गृहीतक’ म्हणू नका. भूमितीत तो शब्द सिद्ध न करता मान्य केलेल्या विधानांसाठी येतो, आणि इथे तर विधान तपासायलाच बसलोय.

आणि ते शब्द फळ्यावर एकाखाली एक, बाण काढून लिहू नका. निरीक्षणापासून निष्कर्षापर्यंतचा एकच सरळ रस्ता मुलांच्या डोक्यात बसला की जिथे प्रयोगच करता येत नाही तिथे विज्ञान नाही असा समज होतो. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो घ्या. 2015 मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. भरती-ओहोटी कुणाच्या हातात नसते. तरी ओहोटीला चिखलावर किती पक्षी दिसतात आणि भरतीला किती, अशी मोजदाद करून निष्कर्ष काढता येतो. शब्द फळ्यावर विखरून लिहा, कार्डांचे क्रमांकही पद्धतीच्या क्रमाने देऊ नका. नाहीतर हुशार मुलं कार्ड न वाचता क्रमावरून उत्तर ओळखतात.

मात्र नमुने कशाचे ठेवायचे? पुस्तकातल्या पाच वेगवेगळ्या प्रयोगांतले ठेवले तर मुलांचा सगळा वेळ तो प्रयोग काय होता हे समजण्यात जातो. त्यासाठी आदल्या तासाला सगळ्या वर्गाने एकच प्रयोग स्वतः करायचा आणि बहुतेक कार्डं त्यातूनच काढायची. मी लंबक निवडेन. साहित्य नगण्य, निकाल 20 सेकंदांत हाती, आणि बहुतेक मुलांचा अंदाज त्यात चुकतो. चुकलेली परिकल्पना हाताशी असल्याशिवाय परिकल्पना आणि निष्कर्ष यांतला फरक शिकवणं फार कठीण जातं.

सहा-सहा मुलांचे नऊ गट करा. प्रत्येक गटाला न ताणला जाणारा जाड शिवणदोरा, हार्डवेअरच्या दुकानातले अर्ध्या इंचाचे सारखे चार नट, एक पेन्सिल, चिकटपट्टी आणि मोजपट्टी. पेन्सिल बाकाच्या कडेला अर्धी बाहेर येईल अशी चिकटवायची आणि दोरा तिला घट्ट गाठ मारून बांधायचा. सैल फास सरकतो आणि लांबी बदलते. लांबी पेन्सिलीपासून नटाच्या मध्यापर्यंत मोजा. दोन लांब्या पुरेत, 25 आणि 50 सेंटिमीटर. एक मीटरचा दोरा बाकावरून लोंबकळवता येत नाही, नट जमिनीला टेकतो. तो एकच लंबक तुम्ही दाराच्या चौकटीला किंवा खिडकीच्या वरच्या गजाला टांगा.

नऊ गटांसाठी घड्याळ एकच लागेल, तुमचं. ‘सुरू’ म्हणा, 20 सेकंदांनी ‘थांबा’ म्हणा, मुलांनी तेवढ्या वेळातले झोके मोजायचे. 25 सेंटिमीटरला 20 झोके भरतात, 50 ला साधारण 14. नट बाजूला ओढायचा तो लांबीच्या पाचव्या भागाइतकाच, म्हणजे 5 आणि 10 सेंटिमीटर. जास्त ओढला तर एका झोक्याला लागणारा वेळ थोडा वाढतो आणि आकडे हलतात. नंतर 25 सेंटिमीटरच्या दोऱ्याला एकाऐवजी तीन नट बांधून पुन्हा मोजायचं. प्रत्येक मोजणी दोनदा.

आकडे बघून चूक कुठे झाली ते लगेच कळतं. 21 आणि 15 आले तर मुलांनी नट सोडतानाच ‘एक’ म्हटलंय. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं, परत सुरुवातीच्या जागी आला की ‘एक’. 40 आणि 28 आले तर पलीकडे जाणं एक आणि परत येणं दुसरा, असं मोजलंय. तीन नटांना 20 ऐवजी 19 आले तर नट एकाखाली एक बांधलेत. त्यामुळे वजनाचा मध्य खाली जातो, लंबकाची लांबी वाढते आणि वर्ग ‘जड नट हळू झुलतो’ अशा चुकीच्या निष्कर्षावर पोचतो. तिन्ही नट एकाच गाठीत, एकमेकांना चिकटून बांधा. दोरे कापून नट बांधण्याचं काम आदल्या दिवशी झालेलं असू द्या, नाहीतर 35 मिनिटांतली वीस गाठी मारण्यातच जातील.

मोजणीआधी फळ्यावर एक प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहा: 20 सेकंदांतल्या झोक्यांची संख्या कशावर अवलंबून असते, दोऱ्याच्या लांबीवर की नटांच्या वजनावर? प्रत्येक गटाने काय होईल आणि का, हे एका ओळीत लिहून तुमच्याकडे द्यायचं. या नऊ ओळी जपून ठेवा, खेळाची कार्डं त्यांतून मिळणार आहेत. तास संपताना एक मीटरचा लंबक झुलवण्याआधी किती झोके भरतील ते विचारा. 20 वरून 14 झाले तर पुढे 8 होतील, असं पुष्कळ जण सांगतात. भरतात 10.

दुसऱ्या दिवशी खेळ. नऊ गट, म्हणून ठिकाणं नऊ. कार्डं भिंतीला चिकटवू नका. पावसाळ्यात आपल्याकडच्या ओलसर, पावडर सुटणाऱ्या भिंतींवर चिकटपट्टी टिकत नाही आणि वर पंखा असतोच. वर्गाच्या दोन्ही बाजूंना मुलांच्या छातीच्या उंचीवर एकेक दोरी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी कार्डं अडकवा. दुपारच्या सत्राचा वर्ग त्याच खोलीत भरत असेल तर दोरी सोडून गुंडाळली की दोन मिनिटांत खोली मोकळी. विजेच्या बोर्डाजवळ आणि दारात ठिकाण नको.

कार्डं साधारण अशी असू द्या. एकावर ‘1 नट: 20 झोके. 3 नट: 20 झोके.’ हे निरीक्षण. दुसऱ्या कार्डावर मुलांच्या कालच्या नऊ ओळींतली एक, नाव न घालता, जशीच्या तशी, समजा ‘जड नट जास्त झोके घेईल कारण त्याला जोर असतो.’ तिसऱ्या जागी दोरीला 25 आणि 50 सेंटिमीटरचे दोन लंबक टांगलेले, खाली प्रश्न: या दोघांत मुद्दाम काय वेगळं ठेवलंय? चौथ्या जागी कालचा तक्ता, पण आकड्यांच्या रकान्याचं शीर्षक कोरं. पाचव्यावर ‘दोरा लांब केला की झोके कमी होतात. वजनाने फरक पडत नाही.’

सहावं आणि सातवं ठिकाण हळदीच्या कागदाचं. चमचाभर हळद दोन चमचे पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर लावा आणि वाळू द्या. त्याचे तीन तुकडे करा. ‘अ’वर साबणाचं पाणी, ‘आ’वर लिंबाचा रस, ‘इ’वर साधं पाणी. साबण कपड्यांच्या वडीचाच घ्या. हात धुण्याचे बरेचसे द्रव साबण आणि शाम्पू पुरेसे आम्लारीधर्मी नसतात, कागद पिवळाच राहतो आणि पंचाईत होते. तुकडे खेळाच्या दिवशी सकाळीच भिजवा, वाळल्यावर साबणाने आलेली लाली फिकी पडते. पारदर्शक पाकिटात घालून टांगा. सहाव्या कार्डावर ‘तुकडे बघा आणि एक निरीक्षण स्वतः लिहा’, सातव्यावर ‘इ तुकडा ठेवला नसता तर काय अडलं असतं?’ या सातव्याला आज शब्द नाही, फक्त उत्तर लिहायचं. ते पुढच्या खेळात लागेल.

आठव्या ठिकाणी ठाण्यातला तलाव, तलावपाळी. ‘सकाळी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करत होते. तळ्यातल्या पाण्यात ऑक्सिजन कमी झालाय.’ दोन वाक्यं, दोन शब्द. पहिल्या वाक्यात ‘मासे हवा घेत होते’ असं लिहू नका. हवा घेताना कुणी पाहिलेलं नाही, दिसली ती उघडझाप. शिक्षकांनी केलेल्या कार्डांत सर्वांत जास्त घोळ इथे होतो: निरीक्षण म्हणून लिहिलेल्या वाक्यातच अनुमान शिरलेलं असतं. तसंच ‘झालाय’ हे क्रियापद जाणूनबुजून आहे. ‘झाला असावा’ लिहिलंत तर मुलं ‘असावा म्हणजे अनुमान’ एवढंच शिकतील आणि पुढे ‘असावा’ नसलेलं प्रत्येक अनुमान निरीक्षणात टाकतील. नवव्या कार्डावर ‘झोके मोजताना आमच्या गटाला खूप मजा आली.’ याला सहांपैकी एकही शब्द नीट बसत नाही. तुमच्या वर्गात यावर वाद झाला पाहिजे.

कुठल्याही कार्डावर फळ्यावरचा शब्द येऊ देऊ नका, ‘असा निष्कर्ष निघतो की’ वगैरे तर मुळीच नाही. सगळी कार्डं एकाच रंगाच्या शाईत आणि एकाच आकाराची करा. तुम्ही सहज म्हणून लाल पेन उचललंत तरी मुलं त्यातून खूण शोधून काढतात.

आता फिरायचं कसं ते. एका वेळी प्रत्येक गटातले दोघंच उठणार, म्हणजे 54 पैकी 18 मुलं उभी आणि 36 बसलेली. पहिला गट पहिल्या ठिकाणाहून सुरू करेल, दुसरा दुसऱ्या, असं नववा नवव्या. सव्वा मिनिटाने टाळी वाजली की सगळ्यांनी एकाच दिशेने पुढच्या ठिकाणी जायचं. त्यामुळे कुठल्याही कार्डापाशी एका वेळी एकच जोडी असते आणि ढकलाढकलीला कारणच उरत नाही. तीन ठिकाणं झाली की जोडी बाकावर परत. तीन मिनिटांत गटाला सांगायचं, गटाने ठरवायचं, लिहायचं. मग दुसरी जोडी पुढची तीन ठिकाणं, मग तिसरी. तीन फेऱ्यांत गटाची नऊही ठिकाणं होतात आणि प्रत्येक मूल एकदा उठतं. तीन फेऱ्यांना जाण्यायेण्यासह 21 मिनिटं लागतात. सूचनांना पाच आणि कार्डं उतरवायला पाच धरली तरी हजेरीपुरता वेळ उरतो.

जोडीत एक सफाईने वाचणारं मूल असू द्या, पण परत आल्यावर गटाला सांगायचं ते दुसऱ्याने. चिठ्ठी घेऊन जायची नाही, कार्ड काढायचं नाही, डोक्यात घेऊन यायचं. आणि बाकावर राहिलेल्या चौघांना काम द्या, गोंगाट तिथूनच सुरू होतो. पहिल्या फेरीत त्यांनी कालच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या तक्त्यावरून एका वाक्यात लिहायचं. पुढच्या फेऱ्यांत आधीच्या तीन ठिकाणांची कारणं पूर्ण करायची. फुलस्केपवर तीन रकाने आखले की नोंदपत्रक तयार: ठिकाण, शब्द, कारण. शब्दाला एक गुण, कारणाला दोन. आधी संपवणाऱ्याला काही नाही. चॉकलेटही नको, ते वेगाचं बक्षीस होतं आणि तीन चपळ मुलांनी ते बरोबर ओळखलं होतं.

तिसरा तास सगळ्यांत महत्त्वाचा आणि बहुतेक ठिकाणी तोच कापला जातो. उत्तरं वाचून दाखवू नका. पहिलं, पाचवं, आठवं आणि नववं कार्ड घ्या आणि प्रत्येक गटाला आपला शब्द पाटीवर किंवा कागदावर एकाच वेळी वर धरायला सांगा. दोन वेगळे शब्द दिसले की दोन्ही गटांची कारणं वाचायला लावा. तुम्ही लगेच निकाल देऊ नका.

पहिल्या आणि पाचव्या कार्डावर तुमच्या घटक चाचणीचं कोडं सुटेल. मुलं निरीक्षण निष्कर्षाच्या जागी का लिहितात? दोन्ही खरी असतात, दोन्ही प्रयोगानंतर लिहिली जातात, दोन्हींत तेच शब्द येतात. व्याख्येने हा गुंता सुटत नाही. एक प्रश्न विचारायची सवय लावा: हे वाक्य आपल्या फळ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर आहे का? ‘3 नट: 20 झोके’ हे उत्तर नाही, ती त्या दोऱ्याची त्या वेळची नोंद आहे. ‘वजनाने फरक पडत नाही’ हे उत्तर आहे, आणि ते सगळ्या गटांच्या नोंदी मिळून निघालंय. चाचणीतल्या तुमच्या प्रयोगाला सुरुवातीचा प्रश्न दिलेला होता का, हे जरूर तपासा. नसेल तर मुलांकडे निष्कर्ष ओळखायची कसोटीच नव्हती.

अनुमान आणि निष्कर्ष यांतही मुलं अडकतील. माशांचं तोंड बघून ऑक्सिजनबद्दल बोललो, पण पाणी तपासलं नाही. ते अनुमान. उद्या कुणी पाणी तपासून उत्तर दिलं तर निष्कर्षाची गोष्ट सुरू होईल. एवढं झाल्यावर शेवटची दहा मिनिटं खुशाल व्याख्या लिहून द्या. व्याख्येशी माझं भांडण नाही, ती आधी येण्याशी आहे.

तीन तास कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. दोनच मिळत असतील तर लंबक आणि चर्चा ठेवा, फिरणं सोडा. सहा-सात कार्डं पाकिटात घालून एका बाकावरून दुसऱ्या बाकाकडे सरकवा. बाक जमिनीला ठोकलेले असतील किंवा पट सत्तरच्या वर असेल तिथेही हेच करा. उठण्या-फिरण्याची गंमत जाते, ठरवण्याचं काम राहतं. मैदानावर न्यायचा मुख्याध्यापिकांचा सल्ला मी मानणार नाही. वाऱ्याने कार्डं उडतात, उन्हात वाचवत नाही, टाळी ऐकू जात नाही. लांब व्हरांडा असला आणि त्या तासाला रिकामा असला तर तो मात्र उत्तम.

मुख्याध्यापिकांशी बोलताना ‘खेळ’ हा शब्द टाळलात तर त्यात लबाडी नाही. आठवीपर्यंत आकारिक मूल्यमापन, म्हणजे शिकणं चालू असतानाचं मूल्यमापन, करावंच लागतं आणि त्यात प्रात्यक्षिक, उपक्रम, तोंडी काम यांना जागा आहे. लंबकाचा तक्ता प्रात्यक्षिकात जातो, नोंदपत्रक उपक्रमात. आधीच त्यांना नऊ कार्डं, कोरं नोंदपत्रक आणि ‘एका वेळी 18 मुलं उभी’ हे गणित दाखवा. शेजारच्या शिक्षकांनाही तास कधी आहे ते कळवा. जमलं तर मुख्याध्यापिकांना नवव्या कार्डाच्या चर्चेला बोलवा, शांत बसायला जमतं का बघू त्यांना.

सेमी-इंग्रजी वर्गांच्या शिक्षकांचीही अशीच पत्रं येतात. त्यांनी फळ्यावर पाठ्यपुस्तकातले इंग्रजी शब्दच लिहावेत, कार्डं आणि कारणं मराठीत चालतील. पट तीसच्या आसपास असेल तर पाच-पाचांचे सहा गट आणि सहा ठिकाणं घ्या. हळदीची दोन ठिकाणं आणि एकच लंबकाचं कार्ड गाळा, नववं गाळू नका.

दुसरा खेळ आठवड्याभराने. त्यात स्थिर ठेवलेले घटक, नियंत्रण संच (तुलनेसाठी काही न बदलता ठेवलेला नमुना) आणि भाकीत हे तीन नवे शब्द. भाकिताला एक मीटरच्या लंबकाचे 8 आणि 10 आहेतच. नियंत्रण संचाला साध्या पाण्याचा ‘इ’ तुकडा पुन्हा टांगा आणि सातव्या ठिकाणची मुलांची उत्तरं सोबत लावा. ‘पाण्यानेच लाल झाला असेल, असं कुणी म्हटलं असतं’ या अर्थाचं एक तरी वाक्य त्यांत सापडेल. एक कार्ड रेडीचं करा. मांसातून अळ्या आपोआप निर्माण होतात का हे तपासायला 1668 मध्ये इटलीत फ्रान्चेस्को रेडीने मांस घातलेली काही भांडी उघडी ठेवली, काही बंद केली, काहींवर जाळीदार कापड बांधलं. अळ्या उघड्या भांड्यांतल्या मांसावर झाल्या. कापड बांधलेली भांडी कशाला हवी होती, बंद भांडी पुरली नसती का, असं विचारा. बंद भांड्यात हवाही जात नव्हती, इथपर्यंत एखादा गट पोचला की बाकीचं तोच सांगेल.

शेवटी चाचणी. लंबक आणि हळद दोन्ही वगळा, मटकी घ्या. रात्री भिजवलेले 20-20 दाणे ओल्या कापडात बांधून दोन वाट्यांत ठेवा, एक वाटी उजेडात, एक कपाटात. मोड दोन्हीकडे येतात, आणि उजेडाशिवाय येणार नाहीत असं लिहिलेले बरेच जण निघतात. तुमच्या वर्गात खरोखर आलेले आकडे प्रश्नात घाला, ‘मोड यायला उजेड लागतो का?’ हा प्रश्न वर लिहा आणि खाली सहा वाक्यं देऊन शब्द व कारण विचारा. एक तृतीयांशाहून जास्त मुलं निरीक्षण आणि निष्कर्षात अजून गोंधळत असतील तर सगळा खेळ पुन्हा नको, त्याच दोन शब्दांची चार कार्डं करून पंधरा मिनिटांत पाकिटं फिरवा. कापड मात्र दिवसातून दोनदा ओलं करत राहा, उजेडातली वाटी लवकर सुकते. ती सुकली तर मुलं उजेडाचा निष्कर्ष काढतील आणि फरक पाण्याचा असेल.